आधी सोनं, मग फिल्म

डोरीन हुडाकला मी एकोणीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली निदान अठरा आम्ही दोघांनी भांडण्यात घालवली. विद्यापीठाच्या तळघरात माझं रसायनांचं कोठार आणि तिची मापनाची खोली समोरासमोर. मी बाटल्यांचा गाडा ढकलत नेला की तिची सुई थरथरायची, आणि ती दार उघडून ओरडायची, "गस, तू माणूस आहेस की मालगाडी?" मी म्हणायचो, "तुझी सुई इतकी नाजूक असेल तर तिला घरी पांघरूण घालून ठेवून ये." हे रोजचंच. ज्या दिवशी ओरडा ऐकू आला नाही त्या दिवशी मी डोकावून बघायचो, बाई बरी आहे ना म्हणून.

सुई म्हणजे शिवणकामाची नव्हे. वीज वाहणारं प्लास्टिक असतं, त्याचा काचेवर पातळ थर देतात. निळसर, फुंकर मारली तर उडेल असा वाटणारा. त्याला सगळे फिल्म म्हणतात. अख्ख्या फिल्ममधून सरासरी किती वीज जाते ते चार जाड सुयांचं यंत्र दोन मिनिटांत सांगतं. पण नेमकी कुठून जाते, कुठे अडते, हे बघायचं तर डोरीनच्या खोलीत यावं लागे. तिच्या यंत्रात एका लवचीक पट्टीच्या टोकाला एकच सुई, डोळ्याला न दिसणारी, वरून प्लॅटिनमचा मुलामा दिलेली. ती सुई फिल्मवर टेकवायची, थोडा विजेचा दाब द्यायचा आणि ओळीमागून ओळ फिरवत न्यायची, हिवाळ्यात अंगणातला बर्फ ओढतो तशी, वरून खाली. जिथे वीज जास्त गेली तिथे स्क्रीनवर उजळ ठिपका, जिथे अडली तिथे काळोख. असा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान चौकोन रंगवायला वीस मिनिटं लागत. त्या वीस मिनिटांत तळघरात कुणी शिंकलेलं डोरीनला खपत नसे.

ती काही शास्त्रज्ञ नव्हती. बारावीनंतर सरळ टायरच्या कारखान्यात लागली, बाप होता तिथेच. आमच्या ओहायोतल्या या गावात तेव्हा सगळेच लागत. पेट्रोल वाहणाऱ्या टँकरच्या चाकात नि पाइपात स्थिर वीज साचून राहिली तर भडका उडतो, म्हणून तिथलं रबर वीज थोडी गळू देणारं लागतं. ते रबर मोजायचं काम डोरीनकडे होतं. पितळेचे दोन ठोकळे रबरावर ठेवायचे आणि काटा बघायचा. बापाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माहीत नसलेलं मोजण्याआधी माहीत असलेलं मोज." म्हणून दर पाळीला ती आधी ठोकळे एका ठरलेल्या पितळी पट्टीवर ठेवायची, काटा बरोबर आला की मगच रबराला हात लावायची. तिथल्या तेवीस वर्षांत तिने तपासलेला एकही पाइप परत आला नाही. हे ती स्वतः कधी सांगायची नाही, पण कुणी दुसऱ्याने सांगितलं तर थांबवायचीही नाही.

कारखाना बंद पडला, बाप गेला, आणि डोरीन आमच्या तळघरात आली. शिकलेली पोरं आधी नाकं मुरडायची. मग कळलं, की ज्या सुईने त्यांना चार-चार दिवस रडवलं तीच सुई डोरीनच्या हातात गायीसारखी वागते. वर्षभरात पोरं रांगेत उभी राहायला लागली.

आणि बापाचा नियम तिने इथेही आणला. सुईचा मुलामा कधी मुळातच खराब असतो, कधी झिजतो. मग फिल्म चांगली असूनही चित्र काळं येतं. म्हणून दर फिल्मच्या आधी डोरीन सुई सोन्याचा थर दिलेल्या एका छोट्या चकतीवर टेकवायची. सोन्यातून वीज बिनबोभाट जाते. काटा शेवटापर्यंत गेला तर सुई ठणठणीत. यंत्राच्या पुस्तकात लिहिलं होतं, एकदा हलकेच टेकवावी. डोरीनला एकदा पटायचं नाही. ती तीनदा टेकवायची, चांगली दाबून, आणि प्रत्येक वेळी किंचित ओढायची. "आधी सोनं, मग फिल्म," हे तिने निदान साठ पोरांना घोकून घेतलं असेल. कुणी सोनं टाळून सरळ फिल्मकडे गेलं की त्याची जी काही खरडपट्टी निघे ती मला माझ्या कोठारात दार लावूनही ऐकू यायची.

लेसी टॅकेटची मात्र कधी निघाली नाही. ही पोरगी नदीपलीकडची, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली. घरात हिच्याआधी कॉलेजचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. आई शाळेची बस चालवायची. पहिल्या दिवशी लेसी तळघरात आली ती डोरीनला म्हणाली, "मिस डोरीन, मला काही येत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन." डोरीन नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, "गस, पंधरा वर्षांत खरं बोलणारं पहिलं माणूस आलं बघ."

चार वर्षं त्या दोघींनी जोडीने काम केलं. लेसी फिल्म बनवायची, डोरीन मोजायची. पुढे लेसीही मोजायला शिकली, तसंच, तीनदा दाबून. त्यांना एक गोष्ट सापडली. फिल्म भराभर वाळवली तर चित्र जवळजवळ एकसारखं येई. सावकाश वाळवली तर त्यात लखलखीत ठिपके दिसत, काळ्या पाण्यातल्या बेटांसारखे. त्यांनी नावही बेटंच ठेवलं. म्हणजे वाळवण्याच्या वेगावरून प्लास्टिकमध्ये विजेच्या वाटा वाढवता येतात! लेसीचे गुरू, डॉक्टर ऑस्टरहाऊट, तसे थंड प्रकृतीचे. पण तेही जिने उतरून बेटं बघायला खाली येऊ लागले. एकच घोडं पेंड खात होतं. बेटं इतकी वाढली तरी चार सुयांच्या यंत्रावर सरासरी काही वाढत नव्हती. का, ते समजावून सांगायला ऑस्टरहाऊटनी दोन पानं लिहिली. मी ती वाचली नाहीत, पण डोरीन म्हणाली की फार हुशारीची आहेत.

त्या मार्चमध्ये लेसीचा प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेची तारीख ठरली. मिनेसोटातल्या एका कंपनीत नोकरी पक्की झाली, अट एकच, जूनच्या आत पदवी हातात हवी. आईने बदली चालक शोधून त्या दिवसाची रजा टाकली. डोरीनने स्वतःसाठी नवा निळा ब्लाऊज घेतला आणि तो मला दोनदा दाखवला.

परीक्षेला बारा दिवस होते. चर्चमध्ये माशांचं जेवण होतं, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी असतं तसं, आणि मी डोरीनला न्यायला थांबलो होतो. दोघींनी माझ्या कोठारातल्या मोठ्या टेबलावर प्रबंधातली छत्तीस चित्रं मांडली होती, कारण तिच्या खोलीत तेवढी जागाच नाही. कोणतं चित्र कोणत्या पानावर, याचा घोळ चालला होता. मला भूक लागली होती. भूक लागली की मी बडबड करतो.

मी म्हणालो, "तुमच्या बेटांना उंचावर राहायची फार हौस दिसते."

"म्हणजे?" लेसी हसत म्हणाली.

"बघ ना. सगळ्या चित्रांत वरच्या बाजूला गर्दी, आणि खाली सगळं ओस. आमच्या गावासारखंच, पैसेवाले सगळे टेकडीवर."

लेसी हसली. डोरीन हसली नाही. तिने चष्मा पुसला, वाकली, आणि एकेक चित्र बघत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग परत आली.

"फिल्मला वर-खाली कुठे असतं?" ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

"नसतंच," लेसी म्हणाली. "गोल फिरवून पसरवतो आपण. कशीही ठेवली तरी..." आणि ती थांबली.

डोरीन म्हणाली, "गस, तू जा जेवायला. मला काम आहे."

मी गेलो. दोन वेळा मासे घेतले. आजही मला त्याची लाज वाटते. माझ्या या तोंडाने आयुष्यात पुष्कळ नुकसान केलंय, पण ते बहुतेक माझंच. त्या दिवशी ते दुसऱ्याच्या पोरीच्या मानेवर पडलं, आणि मला पत्ताही नव्हता.

सोमवारी सकाळी मी गाडा मुद्दाम खडखडवत नेला. ओरडा नाही. डोकावलो तर डोरीन यंत्रापुढे बसलेली, ब्लाऊज शुक्रवारचाच असावा, आणि पुढ्यात चार चित्रं.

"बस," ती म्हणाली. "तुला कळतंय का बघ. तुला कळलं तर कुणालाही कळेल."

तिने कुठल्याशा नव्या पोराची सरावाची फिल्म घेतली होती. पहिल्यांदा नेहमीसारखंच केलं: सोन्यावर तीनदा दाबून मग फिल्मवर वरून खाली. बेटं वर. दुसऱ्यांदा तसंच, पण सुई खालून वर नेली. बेटं खाली. तिसऱ्यांदा परत वरून, परत वर. चौथ्यांदा सोन्याला न शिवता सरळ फिल्मवर. एकही बेट नाही.

"सुई जिथून निघते तिथे बेटं," मी म्हणालो.

"सोनं मऊ असतं," ती म्हणाली. "मी दाबून ओढते तेव्हा सुईला त्याचे कण चिकटतात. मग तीच सुई मी फिल्मवर नेते. सुरुवातीच्या ओळींत कण तिथे गळतात, पुढे संपतात. जिथे कण पडला तिथे सुईला एकदम मोठी जागा मिळते, वीज जास्त जाते, ठिपका उजळ येतो. सावकाश वाळवलेली फिल्म चिकट राहते, ती कण जास्त ओढून घेते. कण इतके बारीक की फिल्मच्या खडबडीतपणात कुणाला दिसणार? ती बेटं नव्हती रे गस. ते माझं सोनं होतं."

मला सुचेल ते मी बोललो. की सगळीकडे असंच करतात. की पुस्तकातही सोनं आहे.

"पुस्तकात एकदा आहे. हलकेच," डोरीन म्हणाली. "तीनदा दाबून ही माझी अक्कल."

अति तेथे माती म्हणतात ते खरंच आहे, पण ज्याने हयगय केली त्याची माती झाली तर माणूस निदान म्हणतो, बरं झालं. इथे जिने सगळ्यांपेक्षा जास्त काळजी घेतली तिच्याच काळजीने घात केला. कारखान्यात पितळेचे जाड ठोकळे होते. त्यांना कितीही दाबलं तरी काही चिकटत नव्हतं. तिथला नियम इथे चुकेल असं तिच्या बापाला तरी कुठून ठाऊक असणार? मला त्या दिवशी देवाचा राग आला, आणि देवाशी माझा संबंध माशांच्या जेवणापुरताच आहे.

लेसीला तिने त्याच दुपारी सगळं दाखवलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला, पण ती रडली नाही. म्हणाली, "ही माझी फिल्म नाही. माझ्या फिल्ममध्ये खरी बेटंही असतील. असतील ना, मिस डोरीन?"

"असू शकतील," डोरीन म्हणाली.

मग घोळ असा, की लेसीच्या फिल्म उरल्याच नव्हत्या. हवेत राहिल्या की वर्षभरात त्यांची वीज उतरते. कपाटातल्या सगळ्या निळ्याच्या राखाडी झाल्या होत्या. मूळ प्लास्टिक बनवणारा माणूस दोन वर्षांपूर्वी आपल्या देशी परत गेला होता आणि त्याने बनवलेलं शेवटच्या थेंबापर्यंत संपलं होतं. चांगली म्हणावी अशी एकच फिल्म शिल्लक होती, नायट्रोजनच्या बंद पेटीत आठवण म्हणून ठेवलेली, सावकाश वाळवलेली. त्या एका तुकड्यावर चार वर्षं येऊन ठेपली.

"नवी सुई लावू," डोरीन म्हणाली. "सोन्याला शिवायची नाही. आधी फिल्म."

"पण मग सुई चांगली आहे हे कसं कळणार?" लेसीने विचारलं. आणि हा प्रश्न तिला डोरीननेच शिकवला होता. झिजलेली सुई असेल तर बेटं असूनही दिसत नाहीत, नुसतं मिणमिणतं चित्र येतं.

"सोनं शेवटी," डोरीन म्हणाली. "आधी फिल्म, मग सोनं."

मंगळवारी सकाळी तिने मला बोलावलं. "आत येऊन बस. तू समोर असलास म्हणजे गाडा हलत नाही एवढी तरी खात्री." मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. हीटरची घरघर नको म्हणून तिने तोही बंद केला होता. आम्ही तिघंही कोट घालून बसलो होतो. डोरीनने चिमट्याने सुई बसवली. तिचा हात तसाच स्थिर होता, हे मला बघवलं नाही.

वीस मिनिटं. स्क्रीनवर ओळ खाली, ओळ खाली. वर बेटं नाहीत. मध्ये नाहीत. लेसीचे ओठ हलत होते. ती ओळी मोजत होती की प्रार्थना करत होती, कोण जाणे. चित्र पुरं झालं. सगळीकडे एकसारखं मिणमिणतं, पहाटेच्या धुक्यासारखं. कुठे काही नाही.

आता उरलं होतं फक्त सोनं. चकतीवर टेकवल्यावर काटा हलला नाही तर सुईच मेलेली, चित्राला काही अर्थ नाही, आणि आशा जिवंत. काटा वर गेला तर संपलं. एकोणीस वर्षं त्या खोलीत सगळ्यांनी काटा वर जावा म्हणून देव पाण्यात घातले होते. त्या सकाळी आम्ही तिघं, आणि त्यात स्वतः डोरीनही, एका सुईच्या मरणाची वाट बघत होतो.

तिने सुई सोन्यावर टेकवली. एकदाच, हलकेच.

काटा थेट शेवटापर्यंत गेला.

"परत," लेसी म्हणाली.

डोरीनने फिल्मच्या दुसऱ्या कोपऱ्यावर, दुसऱ्या नव्या सुईने परत केलं. आणखी वीस मिनिटं. धुकं, आणि शेवटी काटा पूर्ण वर. लेसीने दुसऱ्यांदा "परत" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग लेसी खाली बघत म्हणाली, "हे आपल्या तिघांनाच माहीत आहे."

"हो," डोरीन म्हणाली.

"तुम्ही कुणाला सांगाल?"

मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. या बाईने एका पोराला फक्त तारीख चुकीची टाकली म्हणून नोंदवहीचं अख्खं पान परत लिहायला लावलेलं मी पाहिलंय. पण डोरीन म्हणाली, "तू सांगू नका म्हणालीस तर नाही सांगणार. गसचं तोंड मी बघून घेईन."

लेसीने मान वर केली. "असं नका ना म्हणू, मिस डोरीन. तुम्ही असं म्हणालात तर मी तसंच करीन."

डोरीनने पुढे काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, आणि काय, हे मला आजही ठरवता येत नाही. लेसी पाच मिनिटं बसून राहिली. मग तिने दोन्ही चित्रं उचलली आणि जिना चढून ऑस्टरहाऊटकडे गेली. डोरीन तिच्यामागे, आणि मी डोरीनच्या मागे, मला कुणी बोलावलं नसताना.

ऑस्टरहाऊट वाईट माणूस नाही. त्यांनी चित्रं दोनदा बघितली, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "सरासरी का वाढत नव्हती ते आता कळलं," एवढं म्हणाले. मग म्हणाले, "लेसी, तीन प्रकरणं या बेटांवर उभी आहेत. परीक्षा घेता येणार नाही."

"मी सगळं परत मोजते," डोरीन म्हणाली. "शनिवार-रविवारसुद्धा. मला सुट्टी नको."

"काय मोजणार, डोरीन? फिल्म कुठे आहेत?"

"नव्या बनवू."

"प्लास्टिक आधी बनवावं लागेल. ते बनवणारं माणूस शोधावं लागेल. मग फिल्म, मग मापं, मग लिहिणं. दीड वर्ष. आणि लेसीची शिष्यवृत्ती मेमध्ये संपते. मी वाढवून मागेन, पण तुला सांगतो, मिळणार नाही."

"मग माझ्यावर लिहा," डोरीन म्हणाली. तिचा आवाज चढला. "लिहा की चूक माझी होती. तिला मी शिकवलं. शिक्षा मला करा."

"कसली शिक्षा? नियमात लिहिलंय, सुई आधी सोन्यावर तपासावी. तू नियमापेक्षा जास्तच काळजी घेतलीस. तुला बोल लावायला माझ्याकडे जागाच नाही."

एकोणीस वर्षांत मी डोरीनला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. ऑस्टरहाऊटच्या खोलीत ती रडली, उभ्या-उभ्याच, तोंड न झाकता. लेसीच तिचा दंड धरून उभी राहिली. चूक करणारीची समजूत जिचं नुकसान झालं तिने घालायची, हे बघून मी बाहेर आलो आणि जिन्यात बसलो.

मिनेसोटाच्या कंपनीने फार गोड शब्दांत पत्र पाठवलं. त्यांना माणूस जूनमध्येच हवं होतं. लेसीने आईला फोनवर एवढंच सांगितलं, की परीक्षा पुढे गेली, येऊ नकोस. जास्त सांगायला तिची जीभ वळेना.

पण आई आली. रजा मंजूर झाली होती, बदली चालक ठरला होता, आणि म्हणे, पुढे गेली तर गेली, लेकीला तरी भेटेन. ठरलेल्या तारखेला सकाळी अकराला तळघराच्या जिन्यात पावलं वाजली आणि एक ठेंगणी, ठसठशीत बाई दोन्ही हातांत एक मोठा डबा घेऊन उतरली. मागून लेसी. डब्यात पेपरोनी भरलेले पाव, अजून कोमट.

"हेच ना तळघर?" ती म्हणाली. "आणि तुम्ही गस. गाडेवाले. तुमच्याबद्दल ऐकलंय मी." मग तिने डोरीनला बघितलं, डबा माझ्या हातात कोंबला आणि सरळ डोरीनच्या गळ्यात पडली. "आणि तुम्ही! माझी पोरगी दर रविवारी फोन करते आणि अर्धा फोन तुमच्यावरच. मी एवढ्या लांबून तिला काय बघणार? तुम्ही बघितलंत."

डोरीनचे हात तिच्या पाठीवर गेले नाहीत. बाजूला लोंबत राहिले. तिने तो निळा ब्लाऊजच घातला होता. का, ते मी विचारलं नाही.

"मिसेस टॅकेट," ती म्हणाली, "माझी चूक झाली. मोजण्यात. लेसीची नाही, माझी."

"अहो, चूक कुणाची होत नाही? मी गेल्या महिन्यात बस चुकीच्या गल्लीत घातली, तीस पोरं ओरडत होती."

"तसं नाही. ती परीक्षा माझ्यामुळे..."

"ममा," लेसी म्हणाली, "पाव गार होतील."

"होऊ देत. त्या काय म्हणतात ते ऐकू दे." पण ती ऐकत नव्हती, तिने डोरीनचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून थोपटायला सुरुवात केली होती. "मनाला लावून घेऊ नका. पुढे गेली ना, मग होईल पुढे. चार वर्षं थांबले, अजून थोडं थांबेन. फक्त मला तारीख आधी कळायला हवी. बदली चालक मिळणं फार कठीण असतं हो, दोन महिने आधी सांगावं लागतं."

तिने पर्समधून शाळेची छोटी दिनदर्शिका काढली, गुडघा उचलून त्यावर टेकवली आणि पेनचं टोपण दातांनी ओढलं.

"हं, सांगा," ती डोरीनला म्हणाली. "साधारण कधी धरू?"

डोरीनने लेसीकडे बघितलं. लेसी जमिनीकडे बघत होती. मी कोमट डबा धरून उभा होतो. ती बाई एका पायावर तोल सावरत, पेन कागदावर टेकवून थांबली होती.